निंबोडॉकची फाइल

भांडुपच्या टेंभीपाड्यात शेजवळांच्या घरी सकाळचा पहिला चहा झाला की शिवदास शेजवळ रोज एकच प्रश्न विचारायचे. "मग? लिंबूडॉक आहे की गेलं?"

"निंबोडॉक," मीराताई चष्मा पुसत सांगायच्या. "आणि आहे. आत्तापर्यंत तरी आहे."

मग त्या टीव्हीखालच्या कप्प्यातून निळी फाइल काढायच्या, मोबाइल उशीला टेकवून उभा करायच्या आणि कामाला बसायच्या. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. पण तीस वर्षं जे काम केलं त्याचीच ही शेवटची फांदी होती, आणि ती तोडायला त्या तयार नव्हत्या.

निंबोडॉक ही त्यांच्या मुलीची, निधीची कंपनी. निधी सत्तावीस वर्षांची, दोन वर्षांपासून तिथे नोकरीला. कंपनी काय करते हे शिवदासांनी खालच्या मजल्यावरच्या लोकांना समजावून सांगितलं होतं ते असं: "पोरं प्रोग्राम लिहितात. तो चालायला मोठमोठी कॉम्प्युटरं लागतात. ती प्रत्येकाने घरी कुठे ठेवायची? ही कंपनी म्हणते, तुम्ही प्रोग्राम द्या, चालवायचं आम्ही बघतो. आपण दळण गिरणीत देतो ना, तसं. जातं कोण घरी ठेवतं आता?" शिवदास मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलेलं लोकांना पटायचं. निधीलाही पटलं होतं. "पप्पा, आमच्या वेबसाइटवर याच्यापेक्षा वाईट लिहिलंय," ती म्हणाली होती.

जूनपासून मात्र या गिरणीबद्दल काहीबाही छापून यायला लागलं. एका बड्या कंपनीने निंबोडॉक विकत घेतलं म्हणे. घेणार होती पण बोलणी फिसकटली म्हणे. आता प्रोग्राम लिहिणारं यंत्रच आलं, तेव्हा असल्या कंपन्यांची गरज संपली, असं एक जण लिहायचा. यंत्राने दहापट प्रोग्राम लिहिले तर ते चालवायला दहापट गिरण्या लागतील, असं दुसरा. निधीला विचारलं तर ती खांदे उडवायची. "वर काय शिजतंय ते आम्हाला सोमवारच्या मेलमध्ये कळतं, आई. तेही जेवण वाढून झाल्यावर."

हे वाक्य मीराताईंना लागलं. त्यामागे जुनी गोष्ट होती.

मीराताईंचे वडील जालन्याकडून मुंबईत आले आणि महापालिकेत चिकटले. स्वतः चौथी शिकलेले, पण वस्तीतल्या विहाराला लागून एक वाचनालय होतं, तिथे रोज संध्याकाळी पेपर आला की वडील लहान मीराला बाकावर बसवायचे आणि म्हणायचे, "वाच." सात वर्षांची पोर मोठ्यांदा पेपर वाचायची आणि समोर चार-पाच माणसं ऐकत बसायची. एखाद्या शब्दाला अडखळली तर कोणी हसायचं नाही. थांबायचे. त्या थांबण्यामुळे आपण वाचायला शिकलो, असं त्या पुढे म्हणायच्या.

बी. ए. झाल्यावर, तेविसाव्या वर्षी, त्यांना अंधेरीला चकाल्याच्या एका गाळ्यात नोकरी लागली. कात्रणांचं ऑफिस. अशी ऑफिसं आता राहिली नाहीत, म्हणून सांगायला हवं. मुंबईतल्या कंपन्या या ऑफिसाकडे नाव नोंदवायच्या. ऑफिसात पहाटे बत्तीस वर्तमानपत्रं यायची, पाच भाषांतली. अकरा बायका ती ओळन् ओळ वाचायच्या. जिथे गिऱ्हाइकाचं नाव दिसेल तिथे निळी खूण, मग स्टीलची पट्टी आणि ब्लेड, मग कोऱ्या कागदावर डिंक, आणि वर एक चिठ्ठी. कंपनीचं नाव, पेपरचं नाव, तारीख, पान, वर्ग, आणि एका ओळीत सार. दुपारी बाराच्या आत पाकीट गिऱ्हाइकाच्या टेबलावर.

गिऱ्हाईक कात्रण वाचत नसे. चिठ्ठी वाचत असे. म्हणून चिठ्ठी चुकता कामा नये.

हे त्यांना शिकवलं दर्शनाबाईंनी. दर्शनाबाई घाटकोपरच्या, अकराजणींच्या मुख्य, बोलायला कात्रीसारख्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मीराला विचारलं होतं, "बातमी आणि अंदाज यात फरक काय?"

मीराने राज्यशास्त्राच्या पुस्तकातलं काहीतरी सांगितलं.

"ते कॉलेजात सांग. इथे सोपं आहे. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लावून वाच. बसलं, तर अंदाज. नाही बसलं, तर बातमी. 'अमका कारखाना बंद पडणार म्हणे.' बसलं. 'अमक्या कारखान्याच्या दोनशे कामगारांना मंगळवारी नोटिसा दिल्या, असं व्यवस्थापक तमक्यांनी सांगितलं.' आता लाव म्हणे."

लागत नव्हतं.

आणखी दोन नियम होते. एकच मजकूर बारा पेपरांत आला तरी ती एकच बातमी. मूळ कुठे आहे ते शोधायचं. आणि चूक झाली तर जिने चिठ्ठी लिहिली तिनेच गिऱ्हाइकाला फोन करायचा. साहेबांनी नाही, दर्शनाबाईंनीही नाही. चुकलेली चिठ्ठी फाडायची नाही, तिच्यावर लाल रेघ मारून ती फाइलमध्येच ठेवायची.

तीस वर्षांत मीराताईंच्या लाल रेघा चार. चारही त्यांना तारखेनिशी आठवत.

मग गिऱ्हाइकांची पोरं कॉम्प्युटरवर नाव टाकून दोन मिनिटांत तेच शोधायला लागली. पाकिटं कमी झाली. एका शनिवारी चहाच्या वेळी मालक चंद्रप्रकाशभाई आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले की महिनाअखेर ऑफिस बंद. सगळ्या मुंबईच्या कंपन्यांच्या बातम्या वाचणाऱ्या अकरा बायका, आणि त्यांना स्वतःच्या ऑफिसची बातमी हातात बिस्किट असताना कळली. घरी येताना बसमध्ये मीराताई एवढंच म्हणाल्या, "आपण आपलं नाव नोंदवलंच नव्हतं, दर्शनाबाई."

म्हणून त्यांनी निधीचं नाव नोंदवलं. कोणाला न विचारता.

मोबाइलवरची बातमी कापता येत नाही, तर त्या हाताने सार उतरवून घ्यायच्या. बाकी सगळं तेच. तीच चिठ्ठी, तेच रकाने. पहिले काही दिवस निधी हसली. "आई, यासाठी ॲप असतं गं." पण तिच्या ऑफिसात अफवांनी मुलं हैराण झाली आणि ती एके दिवशी जेवताना म्हणाली, "आज सगळे म्हणतायत की करार झाला. चोवीस ठिकाणी आलंय."

"एका ठिकाणी आलंय," मीराताई पोळी लाटत म्हणाल्या. "बाकीच्या तेवीस जणांनी त्याचं उतरवलंय. आणि त्या एकाने काय पाहिलं? परदेशात कुठल्या तरी मेळाव्यात तुमचा साहेब आणि त्या बड्या कंपनीचा साहेब एका टेबलावर जेवत होते, त्याचा फोटो. माझ्याकडे चिठ्ठी आहे, बघ."

निधीने चिठ्ठी पाहिली. मोबाइलवर तो फोटो शोधला, मोठा केला. "आई, या टेबलावर तर अकरा माणसं आहेत. आणि आमचा साहेब फोनमध्ये बघतोय."

"मग? जेवायला बसलेल्या सगळ्यांचे करार होतात का?"

करार झाला नव्हता. तेव्हापासून निधी आईच्या चिठ्ठ्या ऑफिसात सांगू लागली. "माझ्या आईने बातमी म्हटलं तरच बातमी," असं म्हणू लागली. तिच्या बाजूला बसणारा यज्ञेश तर रोज सकाळी विचारायचा, आज काकू काय म्हणतात? मीराताईंना हे ऐकून बरं वाटायचं. ते त्या चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला निधीला दुसरीकडून बोलावणं आलं. ठाण्याची एक विमा कंपनी, तिचा संगणक विभाग. काम जुनं, धीम्या गतीचं, पण कंपनी चाळीस वर्षांची आणि तिथून कोणाला काढल्याचं कोणी ऐकलेलं नाही. सतरा तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही कळवायचं.

निधीचा जीव मात्र निंबोडॉकच्या अंधेरीतल्या ऑफिसात अडकला होता. दीड वर्ष ती एकाच गोष्टीवर काम करत होती. गिऱ्हाइकाने नवीन प्रोग्राम चढवला आणि तो बिघडला, तर आधीचा चालता प्रोग्राम एका झटक्यात परत आणायचा, तोही असा की वापरणाऱ्याला कळूही नये. पाच जणांचा गट होता, त्यातले दोघं अफवांना कंटाळून सोडून गेले होते. अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी, ते लोकांसाठी खुलं व्हायचं होतं. "मंगळवारच का?" शिवदासांनी विचारलं होतं. "पप्पा, शुक्रवारी काही सोडलं आणि बिघडलं तर शनिवार-रविवार आपलाच जातो." कारखान्यातही शनिवारी नवं मशीन कोणी सुरू करत नसे. शिवदासांना ते लगेच पटलं.

मीराताईंना काय वाटत होतं ते सरळ होतं. निधीने ठाण्याला जावं. त्यांनी तसं एकदाही म्हटलं नाही. त्या म्हणायच्या, "मी काही म्हणत नाही." सकाळी डबा भरताना म्हणायच्या, संध्याकाळी डबा घासायला घेताना म्हणायच्या.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या मोबाइलवर निंबोडॉकचं नाव टाकून बसल्या होत्या. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांची गप्पा मारायची एक जागा असते, तिथे कोणी तरी लिहिलं होतं, 'मी सांगत होतोच,' आणि खाली एका इंग्रजी वर्तमानपत्राचा दुवा दिला होता. त्यांनी तो उघडला. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत तारीख होती, गुरुवार, सोळा ऑक्टोबर. आजचीच. खाली मथळा: निंबोडॉक भारतातील कर्मचारी कमी करणार, त्र्याऐंशी जणांना पत्रं.

त्यांनी म्हणे लावून पाहिलं. लागेना. आकडा होता. पत्रं दिली असं होतं, देणार असं नव्हतं. प्रवक्त्याचं नाव होतं, तिचं बोलणं अवतरणात होतं. नोकऱ्यांच्या बाबतीत पाच महिन्यांत पहिल्यांदा सगळे रकाने भरत होते.

ऑफिसचा एक रिवाज होता. तातडीचं कात्रण आधी कळवायचं. जुन्या कात्रणांशी ताडून पाहणं, त्याला त्या 'मेळ घालणं' म्हणत, ते संध्याकाळी. गिऱ्हाइकाला मेळाची वाट पाहायला लावायची नाही.

मीराताईंनी चिठ्ठी लिहिली. तारीख: आजची. वर्ग: बातमी. चिठ्ठीचा फोटो काढून निधीला पाठवला. अकरा चाळीस.

निधी मीटिंगमध्ये होती. चिठ्ठी वाचून ती बाहेर आली आणि साहेबांना गाठून विचारलं, भारतात काही होणार आहे का? साहेब म्हणाले, "त्यावर मी काही बोलू शकत नाही." हे साहेब कँटीनमध्ये पुढच्या आठवड्यात इडली असणार का, या प्रश्नालाही हेच उत्तर द्यायचे. पण त्या दिवशी निधीला ते वेगळं ऐकू आलं.

दोन वाजता तिचा मेसेज आला. 'मेल टाकला आई. ठाण्याला हो म्हणून कळवलं. उद्या सकाळी इथे सांगते.'

मीराताईंनी तो मेसेज दोनदा वाचला. मग स्वयंपाकघरात जाऊन रवा भाजायला घेतला. शिवदास वासाने उठून आले.

"शिरा? आज काय आहे?"

"काही नाही. करावासा वाटला."

"लिंबूडॉक गेलं वाटतं," शिवदास म्हणाले, आणि वाटी घेऊन बसले.

संध्याकाळी साडेपाचला मीराताई मेळ घालायला बसल्या. बातमी पुन्हा उघडली, या वेळी शेवटपर्यंत वाचायची म्हणून. तिसऱ्या परिच्छेदात होतं: कंपनीच्या पवई येथील कार्यालयातील त्र्याऐंशी कर्मचारी.

"अहो," त्यांनी हाक मारली. "निधीचं ऑफिस पवईला होतं का कधी?"

"तिच्या आधी होतं ना. ती मुलाखतीला पवईला गेली नव्हती का? तिथे कुलूप. वॉचमनने अंधेरीचा पत्ता दिला. विसरलीस? रडवेली होऊन फोन केला होता तिने."

मीराताईंनी बोटाने पान खाली सरकवलं. आणखी खाली. लिहिणाऱ्याच्या नावाखाली, राखाडी, बारीक अक्षरांत एक तारीख होती. तीन वर्षांपूर्वीची.

त्यांना ते क्षणभर समजेचना. मग त्यांनी दर्शनाबाईंनी शिकवल्यासारखं केलं, दुसरा नमुना काढून पाहिला. त्याच वर्तमानपत्रातली एका क्रिकेट सामन्याची बातमी उघडली, जो सामना होऊन सात वर्षं झाली असतील. माथ्यावर ठळक अक्षरांत: गुरुवार, सोळा ऑक्टोबर.

वरची तारीख बातमीची नव्हतीच. ती उघडणाऱ्याच्या दिवसाची होती. कागदाच्या पेपरात माथ्यावरची तारीख हीच पानाची तारीख. तीस वर्षं त्यांनी आधी तिथेच पाहिलं होतं, पानावर नजर टाकायच्या आधी. हात जसा दिव्याच्या बटणाकडे जातो तशी नजर तिकडे जायची. ज्याने आयुष्यात कधी कात्रण कापलं नाही असा कोणीही कदाचित फसला नसता. त्याने वर पाहिलंच नसतं.

त्र्याऐंशी जणांना पत्रं तीन वर्षांपूर्वी मिळाली होती. त्यानंतर कंपनीने अंधेरीत नवं ऑफिस थाटलं, आणि निधी त्या नव्या भरतीतली.

शिवदासांनी सगळं ऐकून घेतलं. टीव्हीचा आवाज कमी केला.

"तिने तिथे सांगितलं का?"

"उद्या सकाळी सांगणार आहे."

शिवदासांनी टीव्ही बंदच केला. मग म्हणाले, "मीरा, एक बोलू? राहू दे. ठाण्याची नोकरी वाईट आहे का? तुला तेच हवं होतं ना?"

"हो."

"मग देवाने... म्हणजे, आपोआप झालं म्हणायचं."

"आपोआप नाही झालं. माझ्या चिठ्ठीने झालं."

"तिला कळणार आहे का?"

मीराताईंनी फाइल पुढे ओढली. खरं म्हणजे दुपारी दोनपासून त्यांच्या छातीतली धडधड थांबली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आणि आता ती पुन्हा सुरू करायची ती आपल्याच हाताने. फाइल मिटून कप्प्यात ठेवली तर कोणीही उघडणार नव्हतं. निधी ठाण्याला जाईल, वर्षभर कुरकुर करेल, मग रुळेल. मुलं रुळतात.

त्यांनी दर्शनाबाईंना फोन लावला. दर्शनाबाई आता चौऱ्याहत्तरच्या, कानाला यंत्र लावतात.

"दर्शनाबाई, चुकीची चिठ्ठी गेली माझ्याकडून. तारखेची चूक."

"तारखेची? तुझ्याकडून?"

"हो."

"गिऱ्हाइकाला कळवलंस?"

"नाही अजून."

"मग मला कशाला फोन केलास?" दर्शनाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

निधी साडेसातला आली. चपला काढता काढता म्हणाली, "शिऱ्याचा वास येतोय. आई, तू खूश आहेस ना? खरं सांग." स्वतः मात्र खूश दिसत नव्हती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने वाटी घेतली आणि टेबलाशी बसली.

मीराताई समोर बसल्या. चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ होती.

"हे काय?"

"चुकलेली आहे. बातमी तीन वर्षांपूर्वीची आहे. मी तारीख चुकीच्या जागी पाहिली. वरची पाहिली. ती बातमीची नव्हती. पवईच्या ऑफिसची बातमी आहे, तुझ्या आधीची."

निधीने चमचा खाली ठेवला. मोबाइल काढला, दुवा मागितला, वाचला. मीराताईंना तिच्या डोळ्यांवरून कळत होतं ती कुठल्या ओळीवर आहे. पवईपाशी ती थांबली.

"आई, पवई लिहिलंय इथे. तिसऱ्याच पॅराग्राफमध्ये. मी वाचलं असतं तर मला लगेच कळलं असतं."

"हो."

"मी वाचलंच नाही. तुझी चिठ्ठी होती म्हणून."

"गिऱ्हाईक वाचत नाही. म्हणून तर..."

"मी गिऱ्हाईक नाहीये!" निधी एवढ्या मोठ्यांदा बोलली की शिवदास आतून बाहेर आले आणि दारातच थांबले. "तुला माहितीये मी आज काय केलं? मी यज्ञेशला सांगितलं. मी सोडतेय म्हणून. तो नुसता स्क्रीनकडे बघत बसला. अकरा तारखेला चार आठवडेही राहिले नाहीत आणि आम्ही तिघं होतो, आता दोघं."

"तुला जायचं नव्हतं तर तू ठाण्याला आधीच नकार का दिला नाहीस?" मीराताईंचाही आवाज चढला. "शुक्रवारपर्यंत कशाला ताणलंस?"

"कारण तू रोज सकाळी 'मी काही म्हणत नाही' म्हणत होतीस! म्हणायचं तर म्हण ना एकदा. 'निधी, मला भीती वाटते' असं म्हण. पाच महिने चिठ्ठ्या कसल्या लिहितेस?"

कुकरची वाफ कधीच बसली होती. खालून कोणाच्या तरी घरातल्या सीरियलचं संगीत येत होतं.

"मला भीती वाटते," मीराताई म्हणाल्या. "आमच्या ऑफिसच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही. हातात बिस्किट होतं. तुझ्या हातात बिस्किट असू नये, एवढंच."

निधीने मोबाइल पालथा ठेवला. मग तिने हात पुढे केला. "फाइल आण."

फाइल टेबलावर आली. दोघींनी शिऱ्याची वाटी बाजूला सारली आणि चिठ्ठ्या मांडल्या. सत्तेचाळीस निघाल्या. निधी एकेक वाचत गेली. एकात होतं की निंबोडॉकच्या साहेबाने घर विकलं, अर्थात कंपनीही विकणार. एकात होतं की कंपनीने चिन्हाचा निळा रंग जरा गडद केला, त्या बड्या कंपनीचा रंगही गडद निळा आहे.

"रंग?" निधी म्हणाली. "तो रंग आमच्या देवव्रतने बदलला. आधीचा त्याला फोनवर नीट दिसत नव्हता म्हणून." आणि ती हसायला लागली, थांबेचना, डोळे पुसायला लागली. शिवदास दारातून म्हणाले, "झालं? मी येऊ?" आणि येऊन बसले.

शेवटी निधीने हिशोब केला, त्र्याहत्तर का पंचाहत्तर टक्के चिठ्ठ्यांचं मूळ त्या जेवणाच्या फोटोतच निघत होतं. बातमी म्हणून तीन. एक, फुकट वापरणाऱ्यांच्या सवलती कमी केल्या. दोन, ऑगस्टमध्ये सेवा तासभर बंद पडली होती. तिसरीवर लाल रेघ.

"म्हणजे कंपनी राहणार?" निधीने विचारलं.

"ते यात नाही."

"जाणार?"

"तेही नाही."

"मग यात आहे काय, आई?"

मीराताईंनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं. "लोकांना काय वाटतं ते आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल यात काहीच नाही."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता निधीने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ठाण्याला फोन लावला. मीराताई डबा भरत होत्या. निधी बाहेरच्या खोलीत जाऊ शकली असती, गेली नाही. पलीकडून भरतीचं काम बघणाऱ्या शीतल मॅडम बोलत होत्या आणि त्यांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. काल हो म्हणालात, आज नाही म्हणता, असं चालत नाही. आमच्याकडे तुमच्या नावापुढे ते लिहून ठेवतात. पुन्हा इथे अर्ज करू नका.

"हो मॅडम. माझी चूक आहे," निधी म्हणाली.

मीराताईंनी भाजी भरली, झाकण लावलं. झाकण एका बाजूने बसेना, तर पुन्हा काढून लावलं. 'मी काही म्हणत नाही' जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि म्हणाल्या, "मला आवडलं नाही हे. पण डबा घे."

"झकास," निधी म्हणाली, आणि डबा घेऊन गेली.

ऑक्टोबर सरला. अफवा चालूच होत्या. आता दुसरीच एक कंपनी निंबोडॉक घेणार म्हणे. मीराताई लिहीतच होत्या, फक्त चिठ्ठीवर त्यांनी एक नवा रकाना आखला होता: तारीख कुठे पाहिली. आणि निधीने स्वतःसाठी एक नियम केला, चिठ्ठी आली तरी बातमी उघडून वाचायची. दोघींनीही एकमेकींना हे सांगितलं नाही. शिवदासांना दोन्हीकडून कळलं.

अकरा नोव्हेंबरला, मंगळवारी, निधी सकाळी सहालाच निघाली. साडेतीनपर्यंत फोन आला नाही. मीराताईंनी दोन वेळा मोबाइल चार्जिंगला लावला, भरलेला असताना. पावणेचारला निंबोडॉकच्या स्वतःच्या पानावर चार ओळी उमटल्या. बिघडलेला प्रोग्राम मागे घेऊन आधीचा परत आणण्याची सोय आजपासून सर्व ग्राहकांसाठी खुली. नाव कोणाचंच नव्हतं. 'आमचा अंधेरीतील गट' एवढंच होतं.

मीराताईंनी तारीख माथ्यावर पाहिली, मथळ्याखाली पाहिली, तळाशी पाहिली. तिन्ही ठिकाणी एकच. तरी त्यांनी निधीला मेसेज केला: 'आजचंच ना?'

'आजचंच. चालतंय. यज्ञेश विचारतोय काकू काय म्हणतात.'

त्या चिठ्ठी लिहायला बसल्या. वर्ग: बातमी. सार लिहिताना पेन थांबलं. निधी शेजवळ असं लिहावंसं वाटलं. पण कात्रणात नाही ते चिठ्ठीत लिहायचं नाही, हा नियम त्यांनी तीस वर्षांत मोडला नव्हता. त्यांनी 'अंधेरीतील गट' लिहिलं, तारीख टाकली, तारीख कुठे पाहिली त्या रकान्यात 'तीन ठिकाणी' लिहिलं, आणि चिठ्ठी लाल रेघेच्या चिठ्ठीवर लावून फाइल मिटली.

मग दर्शनाबाईंना फोन लावला आणि निधीचं नाव सांगितलं. तोंडी सांगायच्या बाबतीत नियम काहीच नव्हता.